गुणगुण कुठून येते

वडनेर भोलजी
१२ जानेवारी २०२५

चि. अश्वजितला महामायाताईचा सप्रेम जयभीम आणि भरपूर आशीर्वाद.

पत्र पाहून हसशील. घरात दोन-दोन मोबाइल असताना ताई पाकिटं कशाला चिकटवते? कारण फोनवर तू 'सगळं बरोबर आहे' एवढं बोलतोस आणि फोन मंजुश्रीच्या हातात देतोस. कागदावरून माणसाला इतक्या लवकर पळता येत नाही.

शाळा सांभाळून माझं मानसशास्त्राचं एम. ए. चालू आहे, हे तुला माहीत आहेच. कामाची माणसं ताण कसा सोसतात, त्यांना उभं काय ठेवतं, हा माझा प्रकल्प. बेचाळीस जणांकडून तक्ते भरून घेतले. शिक्षक, कंडक्टर, नर्सबाई, सगळ्यांच्या उत्तरांत वरखाली आहे. एका माणसाने मात्र तीसही प्रश्नांना पाचपैकी पाच दिले. कामावर जाताना उत्साह वाटतो, पाच. अडचण आली तर जोडीदाराशी बोलतो, पाच. तो माणूस म्हणजे माझा सख्खा भाऊ! आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की हा तक्ता बाद करा, एक तर न वाचता भरलाय, नाही तर काही लपवायला. मी बाद केला नाही. मला कुतूहल आहे.

डिसेंबरात लाइनच्या कामावर विजेच्या पोलावर मधमाश्या चावल्या तेव्हा सुजलेल्या तोंडाचा फोटो पाठवून वर हसत होतास. आता मंजुश्री सांगते की तिने मिक्सर लावला की तू उठून अंगणात जातोस आणि ताटातलं अर्धं तसंच ठेवतोस. काय चाललंय रे? रागावणार नाही, शिकवणारही नाही. फक्त सांग.

उत्तराची वाट पाहते. पाच मार्क देऊन सुटका होणार नाही.

तुझी,
महामायाताई


अमडापूर
२० जानेवारी

ति. ताईले अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि.

तुह्यं पत्र डब्याच्या पिशवीत घालून चार दिवस फिरवलं. तुह्या बाई बरोबर बोलल्या. लपवायलेच भरलं होतं.

त्या दिवशी पोलावर होतो आन् शेजारच्या चिंचेवरचं आग्या मोहोळ उठलं. बेल्ट पोलाले बांधलेला, हाताले हूक सापडेना. खाली सहदेवभाऊंनी ओला पाला पेटवून धूर केला, तेव्हा सुटलो. एवढं तुले माहीत आहे. पुढचं कोणालेच माहीत नाही. ताई, त्या दिवसापासून मी एकदाही वर गेलो नाही. शिडीच्या चार पायऱ्या चढतो आन् पाय दगड होतात. घाम सुटते. लाइन बंद आहे, ती बंद ठेवायचं परमिट खिशात आहे, हे डोक्याले समजते, पायाले समजत नाही.

सहदेवभाऊ सहा वर्षांपासून माह्या जोडीले आहेत. ते काहीच इचारत नाहीत. मी चौथ्या पायरीवर थांबलो की म्हणतात उतर, आन् सोता चढतात. ठेकेदाराले वाटते की मीच चढून राह्यलो. भाऊंचं वय छप्पन्न, दोन्ही गुडघे दुखतात. तीन हप्त्यांआधी उतरताना त्यांचा पाय सुटला. शेवटची पायरी होती म्हणून वाचले. मी खाली शिडी धरून उभा होतो. घास जात नाही तो तेव्हापासून.

मंजुश्रीले सांगू नोको. तिले वाटते तिचा नवरा वाघ आहे.

राग धरू नोको, आहे तशीच माया असू दे.

तुह्या,
अश्वजित


वडनेर भोलजी
२७ जानेवारी

चि. अश्वजितला सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पुस्तकंही काढून बसले. पुस्तकं शहाणी आहेत, पण तुझे पाय त्यांनी पाहिलेले नाहीत. म्हणून तुलाच विचारते. लाइन गेली की फॉल्ट कुठे आहे हे तू कसं शोधतोस? तूच एकदा समजावलं होतंस, सगळी लाइन कवटाळून बसायचं नाही, तुकडे करायचे आणि एकेक तुकडा तपासायचा. मग या भीतीचे तसेच तुकडे कर की. ती उंचीची आहे? तारेची? बेल्टची? चिंचेच्या झाडाची? धीर धर, असं मी म्हणणार नाही. तू बघ, आणि जे दिसेल ते लिही. मला खरंच जाणून घ्यायचंय.

मात्र एका गोष्टीत ताईचा हट्ट आहे. सहदेवभाऊंना तुझ्या जागी आता एकदाही वर पाठवू नकोस. ठेकेदाराला खरं सांग. मंजुश्रीलाही सांग, तिला वाघ नको असेल, जेवणारा माणूस हवा असेल. आणि फारच जड वाटलं तर बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात अशा गोष्टी ऐकून घेणारी माणसं असतात. मी सुट्टी काढून सोबत येईन.

तुझी काळजी करणारी आणि तितकीच चौकस,
महामायाताई


अमडापूर
९ फेब्रुवारी

ति. ताईले सविनय जयभीम. वि. वि.

फॉल्ट सापडला! आधी वाईट ते सांगतो. ठेकेदाराले बोललो. तो अर्धा तास बडबडला, मंग म्हणे महिनाभर खालचं काम कर, दुसऱ्या गँगच्या मोतीरामले वर चढायले पाठवतो. महिन्यानंतर मात्र चढणारा माणूस पाह्यजे, नाही तर दुसरा पाहीन. सहदेवभाऊंनी मान डोलवली.

आता शोध ऐक. गावच्या पाण्याच्या टाकीवर चढलो, थेट वरपर्यंत. काहीच झालं नाही! म्हणजे उंची नाही. बेल्ट बांधून घरच्या आढ्याले लटकलो, मंजुश्री आली आन् किंचाळली, पण मले काही झालं नाही. मंग शेताकडच्या टोकाच्या पोलावर शिडी लावली. सहा पायऱ्या गेलो, आठ गेलो! मीच चकित झालो. तीच शिडी गावातल्या डीपीजवळच्या पोलाले लावली तर चौथीवर पाय दगड. उतरून तिथंच उभा राह्यलो. फरक काय, फरक काय? आन् कानाले समजलं. ती डीपी चालू होती. तिचा ट्रान्सफॉर्मर मोहोळासारखा गुणगुणत होता. मिक्सरही तसाच वाजते.

ताई, मले उंचीचं भेव नाहीच. मले त्या आवाजाचं भेव आहे.

मंजुश्रीले सगळं सांगतलं. रडली, आन् मंग तिनंच रस्ता काढला. ती कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाले जाते, तिथं फुलावर बसवायले मधमाश्यांच्या पेट्या आणल्या आहेत. म्हणे चल, आवाज जवळून ऐक. तुह्या पुस्तकात असं काही आहे काय?

लोभ आहेच, पण पत्र मोठं पाठव.

अश्वजित


वडनेर भोलजी
१४ फेब्रुवारी

चि. अश्वजितला जयभीम आणि आशीर्वाद.

पुस्तकात आहे! थोडं थोडं जवळ जायचं, असंच लिहिलंय. मंजुश्रीने एक पान न वाचता सांगितलं, आणि इकडे मी दोन वर्षं फी भरते आहे. पण घाई नको. पेट्यांची माहिती असलेलं माणूस सोबत हवं, तोंडावर जाळी हवी. छाती फार धडधडली तर तिथून मागे फिर, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

वाट पाहण्यात माझा जीव टांगलेला,
महामायाताई


अमडापूर
१२ मार्च

ति. ताईले सविनय जयभीम. वि. वि.

पेट्या सांभाळणाऱ्या कोकिळाबाई आहेत, साठीच्या. त्यांनी मले पह्यल्या दिवशी बांधावरच थांबवलं. दुसऱ्या दिवशी पळून घरी आलो, ते लपवत नाही. रोज दहा-दहा पावलं पुढं. त्यांनी मले ऐकायले शिकवलं. माशी कामात असली की आवाज जाडा, खालचा. चिडली की बारीक होऊन वर चढते. दहाव्या दिवशी मी पेटीजवळ डोळे मिटून बसलो आन् त्या इचारत होत्या आता कशी आहे, मी सांगत होतो कामात आहे. संध्याकाळी डीपीखाली गेलो. कान दिला. तिचा आवाज ना वर जाते ना खाली. तिले ना काम, ना राग.

काल त्याच डीपीजवळच्या पोलावर चढलो. वरची लाइन बंद होती, डीपी मात्र चालूच होती. चौथ्या पायरीवर घाम आला, आलाच. थांबलो, ऐकलं, आवाज होता तिथंच होता. मंग पाचवी. भेव गेलं नाही ताई, ते माह्यासोबतच वर आलं. पण तार जोडली.

उतरलो तर सहदेवभाऊ डोळे पुसत होते. मले वाटलं आनंदानं. तर ते म्हणाले की त्यांनाही भेव वाटते, अकरा वर्षांपासून, एकदा पाऊस पडून ओल्या झालेल्या पोलावरून घसरले तेव्हापासून. दर वेळी खालची घरं मोजत चढतात, ही रुखमाबाईची गिरणी, हा दवाखाना, इथं लाइट येईन, तिथं येईन, तेवढ्यावर वर पोचतात. मी इचारलं, मले काऊन नाही सांगतलं? तर म्हणे तू खारीसारखा सरसर चढायचा, तुह्यापुढं लाज वाटायची. आन् मी अडकलो तेव्हा त्यांना वाटलं, आता यानं तरी पडू नये.

आम्ही शिडी आडवी टाकली, तिच्यावर बसलो आन् एकमेकाले सांगत राह्यलो, कुठं कुठं भेव वाटते, किती वाटते. लई बोललो. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन आला. तो ओरडत होता की काम झालं असन तर लाइन कधी चालू करता, अर्धं अमडापूर लाइटविना बसलं आहे. आम्ही परमिट परत करायचंच इसरलो होतो.

मंजुश्रीचा जयभीम. सुट्टीत ये, मायेनं वाट पाहून राह्यलो.

तुह्या,
अश्वजित