दोन टीपकागद

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडताना मला तुमचीच आठवण झाली. खाली लॉबीत लावायला त्याने माझं चित्र मागितलं होतं. मी जलरंगातले बोंबील दिले. एक बांबूची वलांडी, तिच्यावर वाळणारे बोंबील, खाली वाळूत त्यांची सावली. बाकी कागद कोरा. त्याने ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, अर्धा कागद फुकट गेला ना. समुद्र टाका, दोन नारळ टाका, मग लावू." मी म्हटलं, "तुमच्या हॉलमध्ये सोफ्याला वळसा घातल्याशिवाय खिडकी गाठता येत नाही. तुम्ही मला जागा भरायला शिकवू नका." आणि चित्र घेऊन वर आले.

सांताक्रूझच्या शाळेतून तुम्ही आम्हाला खारदांड्याला चित्रं काढायला नेलं होतं. मी होड्या, जाळी, वलांड्या, कोळणी, कुत्रा, सगळं एका कागदात कोंबलं, आणि वर ट्यूबमधल्या पांढऱ्याने लाटांना फेस काढला. तुम्ही मागे येऊन उभ्या राहता. वर्गात तुमचं इंग्रजी कडक, पण चिडलात की थेट घरची मराठी. "अगं, चित्र काढलंस की बाजार भरवलास?" खिशातले दोन टीपकागद काढून तुम्ही माझ्या चित्रावर ठेवता, इकडे तिकडे सरकवता, आणि मध्ये फक्त एक वलांडी उरते. "हे बघून थांबली होतीस ना तू? मग एवढंच काढ." जलरंगात पांढरा रंग कागदाचाच असतो म्हणत ती ट्यूब तुम्ही जप्त केलीत. ती परत मिळाली नाही, हे मी अजून विसरलेले नाही.

तर आज वर आल्यावर, तुम्ही माझ्याच बाजूच्या आहात हे सिद्ध करायला, मी जुन्या कॅलेंडरचे दोन कागद घेतले आणि चित्रावर सरकवले. वरचा कोरा भाग झाकला तर बोंबील गुदमरले. डावीकडचा झाकला तर वलांडी कागदाबाहेर पडायला निघाली. म्हणजे काहीही फुकट गेलेलं नाही. हे सेक्रेटरीला ऐकवायला मी पुन्हा खाली जाणारच होते. मग उजवा खालचा कोपरा झाकला, आणि चित्र एकदम शांत झालं.

तिथे माझी सही आहे. लाल रंगात, पूर्ण नाव, खाली रेघ.

फ्रेमवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणतो, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, खालून जरा वर घेतली की कोपरा झाकला जाईल. उद्या चित्र त्याच्याकडे न्यायचं आणि मग नारळ न टाकता सेक्रेटरीच्या हातात ठेवायचं. लावलं तर लावलं, नाहीतर माझ्या स्वयंपाकघरात भिंत आहे. हे तुम्हाला पोचणार नाही म्हणून सांगते, माउंट वर घ्या असं मी फ्रेमवाल्याला अजून कळवलेलं नाही. कॅलेंडरचा कागद त्या कोपऱ्यावर तसाच आहे, आणि मी येता-जाता तो उचलून सही बघते.