राजाची उडी

आई, काल भाचीच्या मोबाइलवर बुद्धिबळ खेळताना लहानपणच्या सवयीने राजाची घोड्यासारखी उडी मारायला गेले आणि राजा जागचा हलेना. भाची हसली. मला मात्र तू आठवलीस, आणि मान वर करवेना.

रत्नागिरीच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मी तिथे गणित शिकवायला नुकतीच लागले होते. त्याला बुद्धिबळ शिकवायचं खूळ माझंच. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून स्वयंपाकघरात तुझ्यासमोर वही घेऊन बसले. मला तरी खेळ कुणी शिकवला होता, तूच ना? तू कोळंबी सोलतेयस, एकेका सोंगटीची चाल सांगतेयस. "आणि राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्याची उडी. ती विसरू नको हां." वेळणेश्वरला आजोबा तसंच खेळायचे. मी मान डोलावली आणि नंतर ती चाल खुशाल गाळली. पुस्तकात ती नव्हती. कॉलेजच्या प्रदर्शनाला पुण्याचे पाहुणे येणार, त्यांच्यासमोर आपला गावठी नियम कशाला, असं वाटलं मला. तुझीच लाज वाटली, दुसरं काय!

तरी प्रदर्शनात पहिला डाव तुलाच दिला. ठेवणीतलं पातळ नेसून तू आलीस. तू चाल सांगायचीस, मी टाइप करायची. कॉम्प्युटर एकेका चालीला इतका वेळ लावायचा की तू म्हणालीस, "झोपला काय मेला?" सगळे हसले. मग तुझ्या राजाची कोंडी होऊ लागली तशी तू खुशीत म्हणालीस, "आता राजाची उडी." मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती चाल टाइप केली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली.

"काय म्हणतोय गो तो?"

"तुझी चाल चुकली म्हणतोय."

पुन्हा सगळे हसले, पण या वेळी तुला. तू पदर सारखा केलास. "असेल गो. तो शिकलेला."

त्यानंतर घरातला पट कपाटावर गेला तो गेलाच. मी खेळूया म्हटलं की तू म्हणायचीस, "मला कुठे धड येतं?"

हे पत्र आता पाठवू तरी कुठे? पण आई, त्याला काहीच कळत नव्हतं गो. 'चाल चुकली' हे शब्द मीच प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी इंग्रजीत त्यात घातले होते. आणि ते नीट उमटतात का बघायला मी तुझीच उडी मारून पाहिली होती.