दार उघडायचं नाही ना?

३ जून
नवी नोकरी, नवं घर, आणि दोन्ही मनासारखं! घर कंपनीचंच. पाचवा मजला, तीन खोल्या, भिंतींना अजून रंगाचा वास. प्रत्येक दाराला आमच्या कंपनीचं बोलकं कुलूप. दार बराच वेळ बंद राहिलं की ते अदबीनं विचारतं, "दार उघडायचं नाही ना?" आई त्याला 'अहो' म्हणायला लागली आहे. तिनं आल्या आल्या दम्याचा पंप स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि खिडक्या पुसायला घेतल्या.

५ जून
साहेबांनी निर्णय माझ्यावर सोपवला: बीटा चाचणी की वापर-अनुभव चाचणी? बीटा म्हणजे कुलूप सरळ शंभर घरांत लावायचं आणि तक्रारी येतात का बघायचं. दुसरीत चार माणसं समोर बसवायची आणि ती कुठे अडखळतात ते टिपायचं. या दुसरीचा हट्ट धरणाऱ्या सहकारी बाईंचं नाव मी अडखळबाई ठेवलंय. त्या म्हणाल्या, कुलपाच्या या प्रश्नाला हो म्हटलं तरी गोंधळ, नाही म्हटलं तरी गोंधळ. एकदा माणसांचे चेहरे बघा. चेहरे बघायला मी काय फोटोग्राफर आहे? ज्याला हो-नाही कळत नाही त्यानं दारच लावू नये. बीटा ठरवली.

११ जून
आई कपडे बदलत होती. कुलपानं विचारलं, ती नाही म्हणाली, म्हणजे उघडू नको, आणि दार सताड उघडलं. समोर फळ्या ठोकायला आलेला सुतार! आईनं घर डोक्यावर घेतलं. मग बदल केला: हो म्हणा, नाही म्हणा, दार बंदच राहील. उघडायला फोनवर बटण आहे की. शंभर घरांत बदल पाठवून दिला. लोकांचे लाड करावेत तरी किती!

१६ जून
एकही तक्रार नाही. सगळ्या घरांतून एकच अभिप्राय: काही अडचण नाही. साहेब खूश. अडखळबाईंनी विचारलं, हे माणसं सांगतात की कुलूप? कुलूप विचारतं, "काही अडचण नाही ना?" आणि आलेलं उत्तर नोंदवतं. कसलंही. बाईंनी घरी एक कुलूप लावून घेतलंय, स्वतःच बघणार म्हणे. बघा बापडे.

१९ जून
अडखळबाई कामावर नाहीत. रुसल्या असतील. फोन केला. बाईंचाच आवाज, पण कुलपाची अदब: काही अडचण नाही. पुन्हा केला. तेच.
मग चाचणीच्या शंभर घरांतल्या एका घरी केला. तिथेही बाईंचाच आवाज—

२० जून
घरातलं कुलूप आज आईच्या आवाजात बोललं. साहेबांना सांगितलं. म्हणाले, छान, आपुलकी वाटते. मूर्ख माणूस. सुताराला उद्या बोलावलंय. सगळी कुलपं उपटून टाकणार.

२१ जून
आई खोलीत अडकली. तिचा फोन बाहेर, पंप फळीवर. माझ्या फोनवरचं बटण दाबून दाबून— कुणाला फोनही लागत नाही, पडद्यावर फक्त 'काही अडचण नाही'.
कुलूप तिच्याच आवाजात तिला विचारतंय. ती हो म्हणाली. नाही म्हणाली. आता नुसती खोकतेय.
गप्प राहा म्हणून ओरडलो. गप्प राहिली. तेही उत्तरच धरलं.
धडका मारून खांदा सुजला. दार हलत नाही. बाहेरचंही बंद.
सुतार आला. दार वाजवलं. मी तोंड उघडायच्या आत माझ्या आवाजात कुणीतरी सांगितलं, काही अडचण नाही. तो गेला—
आई खोकत नाहीये.
मला भीती वाटतेय. कोणीतरी माझा चेहरा बघायला हवा होता.
आता मला विचारतंय. आईच्या आवाजात. उघडायचं नाही ना?
काय म्हणू? हो म्हटलं तर— ना—