देवदूतांची चढण

२ फेब्रुवारी १९०९

पुस्तकं आली! पॅरिसहून दोन खोकी. जुन्या हस्तलिखितांवरून तपासलेली गाणी — हजार वर्षांपूर्वी मठांत गायची तशीच, म्हणे. मदर म्हणाल्या, "आन्येस, गायन तुझ्याकडे. उद्यापासून पुस्तकाप्रमाणे."

४ फेब्रुवारी

एक चूक सापडली. आणि सापडली ती मलाच! मठातली कुणी सिस्टर वारली की तिला कबरीकडे नेताना जे लॅटिन गाणं म्हणतो, त्यात 'देवदूत' या शब्दावर आम्ही एक सूर वर चढून मग उतरतो. पुस्तकात चढण नाहीच. सरळ उतार. आम्हा सगळ्यांना ते शिकवलं सिस्टर ओदिलनी. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

५ फेब्रुवारी

सांगितलं. हसल्या! "अगं, आम्हाला पुस्तकं कुठली? राज्यक्रांतीत सगळी जळाली. चार म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलं तेवढं मी घेतलं. एकीला तर दात नव्हते — तिथेच काही सांडलं असेल!"

१० फेब्रुवारी

सराव. आम्ही सगळ्या उतरलो, सिस्टर ओदिल एकट्या चढल्या. गाताना चुकलं की चुकणारीने तिथल्या तिथे गुडघे टेकायचे, हा मठाचा नियम. त्या काठीला धरून खाली गेल्या. उठवायला दोघी लागल्या. मी म्हटलं, "तुम्ही नका हो." तर माझ्यावरच डाफरल्या — "का? तुला मी कधी सोडलं होतं?"

नव्हतंच सोडलं. पहिल्या वर्षी एका संध्याकाळच्या प्रार्थनेत अकरा वेळा! रडकुंडीला आले होते. मग त्या मला स्वयंपाकघरात घेऊन बसायला लागल्या, तिथे ऊब असायची म्हणून. सलगम सोलता सोलता गाणं. 'देवदूत' आला की त्यांची सुरी वर जायची. अडतीस वर्षं झाली. अजून तो शब्द आला की मला सलगमाचा वास येतो. किती सुखाचे दिवस होते ते!

११ फेब्रुवारी

आज परत चढल्या. परत गुडघे. मला बघवत नाही.

१ मार्च

सिस्टर ओदिलनी अंथरूण धरलंय. छाती कफाने भरलीय. माझा हात धरून म्हणाल्या, "मला नेताना पुस्तकाप्रमाणेच म्हणा हं. माझ्यापायी कुणाला गुडघे टेकायला नकोत." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

८ मार्च

गेल्या.

१० मार्च

त्यांना पोचवलं. पावसाने वाटेवर नुसता चिखल. गाणं मीच उचललं, हातात पुस्तक उघडं. 'देवदूत' आला — आणि माझा आवाज चढला! ठरवलं नव्हतं, शपथ. पण मागून सगळ्यांचाच चढला. मी तिथेच चिखलात गुडघे टेकले. शवपेटी धरलेले गडी गोंधळून थांबले. मागे वळून पाहिलं तर बावीसच्या बावीस जणी खाली. मदरसुद्धा.