गॉगलखालचं गोरं

१२ डिसेंबर

टाके निघाले. नाकाच्या डाव्या कडेला आता एक गुलाबी रेघ आहे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. डॉक्टर म्हणाला, "सियोरा निवेस, वाईट गाठ होती ती सगळी काढलीय. पण बर्फावरचं ऊन आता नको. हा हिवाळा तर नाहीच नाही." मी म्हटलं, क्रीमचे दोन थर लावीन, वर झिंकचा पांढरा पट्टा, टोपी, तोंडाला फडकं... तो हसला. "तुम्हीच ना तुमच्या क्रीम-पावडरच्या दुकानात बायकांना सांगता, ऊन वरून लागतं त्याहून जास्त बर्फावरून लागतं?"

माझंच शहाणपण, माझ्याच गळ्यात!

ओर्सोला बाहेर बसली होती. गाडी तिनेच चालवत आणली होती. परत येताना घाटात मी खिडकीकडे तोंड करून रडले. तिने गाडी कडेला घेतली, बंद केली आणि म्हणाली, "ऐक नीवे. तू नाही तर मीही नाही. यंदा माझ्याही स्की माळ्यावर. सांता लुचियाची शपथ."

मी म्हटलं, वेडी आहेस का?

"आहेच. पन्नास वर्षं तुझ्याशेजारी स्कीच्या लिफ्टवर बसतेय, शहाणी कशी राहीन?"

उद्या सांता लुचियाचा दिवस. दोन मेणबत्त्या लावीन. एक नाकाची, एक ओर्सोलाची.

२१ डिसेंबर

बर्फ! कमरेएवढा. दुकानात उभं राहायला जागा नाही.

एक मुलगी आली, लग्नाला निघाल्यासारखी रंगलेली. म्हणे, स्की करताना टिकेल असं काहीतरी द्या. मी तिला बसवलं आणि आधी सगळं पुसून काढलं. पहिलं क्रीम. कानांच्या पाळ्या, हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली — जिथे वरचं ऊन कधी पोचत नाही तिथेसुद्धा, कारण बर्फ खालून फेकतो. मग ते मुरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसायचं. पावडर नको, वाऱ्यात तिला भेगा पडतात आणि दुपारपर्यंत चेहऱ्याचं आटलेलं तळं होतं. मस्कारा न ओघळणारा, कारण डोळ्यांना पाणी येणारच. ओठ हवे तेवढे लाल करा, पण मेणाच्या रंगाने. आणि जेवताना सगळं पुन्हा पहिल्यापासून!

मुलगी म्हणाली, "सियोरा, तुम्ही जाता वर?"

"जाते," म्हटलं. मग जीभ चावली.

संध्याकाळी कॉन्व्हेंट आठवत राहिलं. बर्फात नेण्याआधी सिस्टर स्कोलास्तिका आम्हाला ओळीत उभं करून गालांना डुकराची चरबी फासायची. भट्टीत घालायच्या कोंबड्यांसारख्या चकाकायचो आम्ही. आरसा वर्ज्य. ओठांना मलम मात्र चालायचं. तर ओर्सोलाने कुठूनशी एक तांबडी कांडी पैदा केली. "सिस्टर, हे चेरीचं मलम आहे." सिस्टरने कांडी हातात घेतली, वास घेतला. "चेरी फार पिकलीय, ओर्सोला. पूस." बाकावर माझ्या शेजारी बसून तिने ओठ पुसले आणि रुमाल मला दिला. मी तो कितीतरी दिवस उशीखाली ठेवला होता. का, ते मलाही कळलं नव्हतं.

११ जानेवारी

रविवार असून ओर्सोला पत्ते खेळायला आली नाही. बहिणीचा गुडघा धरलाय म्हणे, खाली गावात गेलीय.

१८ जानेवारी

पुन्हा गुडघा. बहिणीला एकटं टाकवत नाही म्हणते. भली आहे माझी ओर्सोला.

२ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. चर्चमधली मिस्सा झाली, ओर्सोला आणि मी नेहमीसारख्या तिताच्या बारमध्ये शिरलो. बाहेरच्या थंडीतून एकदम उबेत आलं की डोळे पाझरतात. तिचेही पाझरले. तिने रुमाल काढला, डोळे टिपले.

रुमालावर तपकिरी डाग!

मी हसलेच. "ओर्सोला! तू आणि रंग?" जन्मभर मला चिडवत आलीय — चेहरा म्हणजे काय दरवाजा आहे, रंग द्यायला?

"वय झालं," ती म्हणाली. "जरा बरं दिसावं."

आधी बरं वाटलं. मग टोचलं, की माझं दुकान सोडून हिने फाउंडेशन घेतलं तरी कुठून? आणि मग मी नीट पाहिलं. जन्म गेला माझा चेहरे बघण्यात. रंग चेहराभर नव्हता. फक्त डोळ्यांभोवती होता. बाकीचा चेहरा तिचा स्वतःचा — भाजलेल्या पावाच्या पाठीसारखा. बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून जानेवारीत असे गाल भाजतात कुणाचे? आणि पुसलं होतं तिथून गोरं दिसत होतं. त्या गोऱ्याचा आकार आमच्या गावात शेंबडं पोरही ओळखतं. गॉगल.

 बारवाल्या तिताने गरम वाइनचे दोन पेले आणून ठेवले. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ असलेला ओटा पुसायला लागला.

त्याला माहीत आहे!

४ फेब्रुवारी

तिताला गाठलं. बार रिकामा होता.

"ओर्सोला कुणाबरोबर जाते?"

"कुठे?"

"तिता."

"सियोरा निवेस, मी कॉफी विकतो, बातम्या नाही."

"ख्रिसमसपासून जाते?"

तो मशीनचा दांडा पुसत राहिला. "जरा आधीपासून."

खिंडीपलीकडच्या उतारांवर जाते, म्हणाला. तिथे तिला कुणी ओळखत नाही. पादोव्हा शहराची एक बाई असते बरोबर, कुणा नोटरीची विधवा, देल्फिना. तिकडेच हॉटेलात उतरते. "छान करते हो स्की," तिता म्हणाला. जणू ते ऐकून मला बरंच वाटणार होतं.

पाववाल्यालाही ठाऊक. चर्च झाडणारीलाही. तीन आठवडे मी सगळ्यांना विचारतेय, ओर्सोलाच्या बहिणीचा गुडघा कसा आहे, आणि सगळे मला सांगतायत, बरा होईल हो, बरा होईल!

८ फेब्रुवारी

रविवार. आली नाही. मीही बोलावलं नाही.

ती वर गेली याचं दुःख नाही. नाही — खोटं कशाला लिहू, त्याचंही आहे. पण तेवढं मी गिळलं असतं. संध्याकाळी दमून घरी येते, आरशापुढे बसते, दिवा जवळ ओढते आणि डोळ्यांभोवती बोटाने रंग बसवते. हळूहळू. कडा दिसू नयेत म्हणून. माझ्यासाठी! लग्नाच्या दिवशी नवऱ्यासाठी जिने एवढा नट्टापट्टा केला नाही, तिने मला फसवायला केला.

हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

११ फेब्रुवारी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात आली. हातात कार्निव्हलच्या तळलेल्या क्रोस्तोली, अजून गरम, कागदावर साखर सांडलेली. "खा लवकर, मऊ पडतील."

मी दाराला आतून कडी घातली. म्हटलं, "बस. डोळे मीट. थंडीने तुझी त्वचा तडकलीय, साफ करून देते."

तिला कळलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपी काढली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. मुकाट्याने. हीच ती — मी कधी क्रीम लावायला गेले तर लहान पोरासारखी मान फिरवणारी.

कापूस भिजवला. उजवा डोळा पुसला, मग डावा. मग नाकाचा वरचा भाग. घाई केली नाही. पापण्या थरथरत होत्या तिच्या. तपकिरी बोळे बशीत साठले आणि आतून गोरं निघालं. घुबडासारखी दिसायला लागली.

"उघड."

तिने आरशात पाहिलं. बाहेरून कुणीतरी स्कीचे बूट आपटत गेलं.

"छटा चुकलीय," मी म्हटलं. "एक घर गडद हवी होती. माझ्याकडे आली असतीस तर बरोबर काढून दिली असती."

"नीवे..."

"बहिणीचा गुडघा कसा आहे?"

"दुखतो तिचा गुडघा. खरंच दुखतो."

"दुखणारच. बघायला कुणी नाही ना जवळ."

मग ती बोलली. माझ्याकडे नाही, आरशाकडे बघून. "शपथ घेतली तेव्हा खरी घेतली होती गं. मग तो बर्फ पडला. सकाळी उठून स्की खाली काढल्या, मेण घासलं, परत माळ्यावर ठेवल्या. परत काढल्या. सदुसष्ट वर्षांची आहे मी. गुडघे चालतायत असे किती हिवाळे उरलेत? त्यातला एक तुला द्यायचा... नाही जमलं मला."

"मी मागितला होता का?"

"नाही. पण देते म्हटल्यावर घेतलास! 'वेडी आहेस का' म्हणालीस आणि घेतलास. 'जा गं बाई, माझ्या वाटचंही जाऊन ये' — एवढं एक वाक्य. मी त्या गाडीत वाट बघत होते."

"मग तसं सांगायचंस. तोंडावर. मी माझ्या हातांनी तुला क्रीम लावून पाठवली असती."

"आणि मी खाली आल्यावर माझ्याकडे बघितलं असतंस. जसं आता बघतेयस."

 जे सुचलं ते वाईट होतं. "आणि ती पादोव्हाची?"

"एकटीला लिफ्टवर बसवत नाही."

"म्हणजे मी इतकी वर्षं काय होते? लिफ्टवरचं वजन?"

तिने टोपी घेतली, कडी काढली आणि गेली. दुपारच्या लख्ख उन्हात, भरल्या चौकातून, ती गोरी वर्तुळं घेऊन. झाकलंसुद्धा नाही.

क्रोस्तोली तिताच्या कुत्र्याला घातल्या.

१२ फेब्रुवारी

तिचं म्हणणं खरं असेल. नसेलही. सिस्टर स्कोलास्तिका सांगायची, क्षमा जमत नसेल तर देवाकडे मागावी, तो देतो. मागितली. आली नाही.

२२ फेब्रुवारी

रविवार. एकटीने पत्ते मांडले. जमले, आणि दाखवायला कुणी नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उतार दिसतो, माणसं तिळाएवढी. इतक्या वर्षांत कधी पडदा लावला नव्हता. आज लावला.

२५ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घ्यायच्या रांगेत ओर्सोला माझ्या पुढे, मधे दोन माणसं. चेहऱ्याला काही लावलेलं नव्हतं. सगळं गाव बघत होतं. गॉगलचं गोरं फिकट पडलंय, कडा विरत चालल्यात. नवं ऊन लागलं की कड करकरीत राहते. तिला बऱ्याच दिवसांत लागलेलं नाही.

म्हणून काय झालं? मागे वळून पाहिलं नाही तिने. मीही हाक मारली नाही.

३ मार्च

दुकानात एक उंच बाई आली. ओठ फुटलेले, बोलणं पादोव्हाचं. विचारायची गरजच नव्हती. ओठांचं मलम मागितलं आणि झिंकची कांडी. मी काढून दिलं. ती कांडी उघडून बघत म्हणाली, "नाकपुड्यांखाली विसरायचं नाही. बर्फ खालून फेकतो ना ऊन! माझ्याबरोबर एक बाई यायची, रोज बजावायची. तिच्या मैत्रिणीने शिकवलेलं."

"असं?"

"गेली हो ती मैत्रीण बिचारी. हिवाळ्याच्या तोंडाशी. शाळेपासूनची जोडी. ओर्सोला लिफ्टवर बसली की डोळे भरून यायचे, म्हणायची वारं लागलं. आता तीन आठवडे आलीच नाही. मला चैन पडेना, म्हणून शोधत आले. तिचं घर माहीत आहे का तुम्हाला?"

मी विचारलं, मैत्रिणीचं नाव काय होतं?

"निवेस. फार भली होती म्हणे. फक्त जरा हट्टी."

मी पिशवीला गाठ मारली. ती सुटली, परत मारली. म्हटलं, चर्चच्या मागे, हिरव्या खिडक्यांचं घर. आणि तिला सांगा — मेलेली बाई रविवारी दुपारी घरीच असते.