दोऱ्याने घेतलेलं माप

तोंडवली, मंगळवार, दिवेलागण

जीपच्या फॅनचा पट्टा बसला, पण अंगठ्याने दाबला तरी दबत नाही. थोडा तरी दबायला हवा ना? उद्या काकीला याच जीपने सावंतवाडीला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचंय, आणि चालवणार मी. वाटेत पट्टा तुटला तर इंजिन तापून तिथेच बंद.

महिनाभर ज्यांच्याकडे उतरलोय त्या काकांनी एसी काढून जीपला दुसरंच इंजिन बसवलंय, त्यामुळे नेहमीच्या मापाचा पट्टा चालत नाही. मीच जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने पुल्यांभोवती माप घेतलं आणि मालवणहून तेवढाच आणला. आज ढील मिळावी म्हणून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पूर्ण आत ढकलला, तरी पट्टा पुल्यांवर चढेचना. काकांनी पट्टा पुलीला दोरीने बांधला, मी पान्याने इंजिन फिरवलं, तेव्हा कुठे बसला.

"घट बसलो, बरो बसलो," काका खूश.

जीप चालू केली तर अल्टरनेटर किरकिरतोय. अंगणात कुत्र्याची पिल्लं भांडत होती, तीच बघत बसलो. मग आठवलं, माप घेताना दोरा मी जोर लावून ताणला होता. दुकानात तो आखडला असणार, म्हणून पट्टा आखूड आला. की नवा पट्टा असाच असतो? परत दाबून आलो. नाही दबत.

शेवटी काका-काकीला सांगून टाकलं, माझं माप चुकलं, या पट्ट्याचा भरवसा नाही. काकी पिशवीत टॉवेल भरत म्हणाली, "मगे आमी यष्टीन जातंव. तू पट्टो बदल, आनि परतताना आमका हाडूक ये."

रागावली असती तर समजलं असतं. ऑपरेशन करून डोळा झाकलेली बाई परत मीच पट्टा बसवलेल्या जीपमधून घरी येणार म्हणते, हे काही कळत नाही.