मुलगा काय करतो, याच्यापुढे चार प्रश्नचिन्हं

मूर्तिजापूर,
८ नोव्हेंबर २०११

ती. खुशालमामांना,

गोपालचा साष्टांग नमस्कार. (अंगं सातच मोजा. आठवं म्हणजे डोळे, ते तीन आठवड्यांपासून कम्प्युटरच्या पडद्याला चिकटले आहेत, वेळेवर निघाले नाहीत.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी आणलेलं तेल लावता, की बाटली खिडकीत ठेवून गुडघा तिच्याकडे करून बसता? आम्ही इकडे ठीक. झेंडू दिवाळीत निघून गेला, शेवंती उभी आहे, आई उठती-बसती आहे आणि काल तुळशीचं लग्न लागलं. तिचं दरवर्षी लागतं. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही अर्ध्यातच रागावून ठेवून देता. पत्र फार तर फाडाल, पण तोवर वाचून झालेलं असेल.

या सगळ्याला तुम्हीच जबाबदार आहात, हे आधी सांगून टाकतो. उन्हाळ्यात नववं स्थळ मोडलं तेव्हा अमरावतीला तुमच्या ओसरीवर तुम्ही मला म्हणालात, "लेका, जग इंटरनेटवर गेलं अन् तू अजून एस.टी.नं सोयरीक शोधून राहिला." मी ते मनाला लावून घेतलं. माझ्यात काही खोट असती तर गोष्ट वेगळी. वय बत्तीस, बी.ए. पास, तीन एकर फुलमळा, विहिरीला पाणी, व्यसन फक्त तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं (आणि तेही तुमच्याच डबीतून लागलेलं). पण 'मुलगा काय करतो?' विचारल्यावर मी 'शेती' म्हटलं की समोरचा माणूस चहा बशीत ओतता ओतता थांबतो. नकार देणाऱ्या नऊपैकी सात जण स्वतः शेतकरी! त्यांना शेतातलं सगळं पसंत आहे, फक्त जावई सोडून. दर्यापूरकडच्या एकाने तर आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगा लय इचार तं करत नाई ना?" आजकाल पेपरात शेतकऱ्याचा फोटो कशासाठी छापून येतो ते त्या बिचाऱ्याला माहीत, त्यामुळे मी रागावलो नाही. विचार मात्र तेव्हापासून करायला लागलो.

तर आमच्यासारखे, फक्त शेती करतात म्हणून बिनलग्नाचे राहिलेले आपल्या समाजाचे चौतीस मुलगे या तालुक्यात निघाले. (मी धरून. मोजणीत मला सोडू नका, लोक तसंही सोडतातच.) त्यांची स्थळं एका वेबसाइटवर टाकायची असं मी ठरवलं. स्टेशन रोडवर इमरानचं कम्प्युटर क्लासचं दुकान आहे, तिथे दोन महिने शिकलो. इमरान शिकवतो चांगलं, पण चुकलं की विद्यार्थ्याकडे न बघता छताकडे बघतो, ते फार लागतं. चौतीस जणांचे फोटो एकाच स्टुडिओत काढले. स्टुडिओवाल्याकडे कोट एकच, निळा. तो बुधाजीला गुडघ्यापर्यंत येतो आणि ओमप्रकाशच्या पोटावर बसत नाही, पण छातीपर्यंतच फोटो म्हटल्यावर चौतीसही जण कलेक्टर दिसले.

घरच्या कम्प्युटरवर साइट अशी चालायला लागली की विचारू नका. सुरुवातीला दोन दिवस उघडत नव्हती, तेव्हा कळलं की कम्प्युटरला आतून नंबरवार दारं असतात आणि साइटला जे ऐंशी नंबरचं दार पाहिजे तिथे दुसराच एक प्रोग्रॅम ठाण मांडून बसला होता. त्याला उठवलं आणि साइट आत आली. आईने गल्लीतल्या बायका बोलावून दाखवली. चौतीस मुलगे पाळीपाळीने येऊन स्वतःचा फोटो बघून गेले, काही जण दोनदा आले, बुधाजी अजूनही येतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की यंदा आपलं होतं.

मग मी पाचशे पत्रकं छापली. 'आपल्या समाजातील उत्तम स्थळे', एवढंच वर लिहिलं ('शेतकरी' हा शब्द मुद्दाम गाळला, नाहीतर कागद सरळ भजी बांधायला गेला असता), आणि खाली पत्ता. पत्ता मी माझ्या पडद्यावरून जसाच्या तसा उतरवला : लोकलहोस्ट, मग तिरपी रेघ, मग स्थळे. घरी उघडतं म्हणजे अकोल्यातही उघडणारच, असा माझा साधा समज. आपण मुंबईला गेलो म्हणून काही आपलं नाव बदलत नाही. ही पाचशे पत्रकं मी अकोल्याच्या समाजमेळाव्यात स्वतःच्या हातांनी वाटली, आणि वाटताना जमेल तितका नोकरदारासारखा चाललो.

आठ दिवस एकही फोन नाही. नवव्या दिवशी अकोल्याच्या देवरावांचा आला. देवराव म्हणजे तिथल्या फुलबाजारातले व्यापारी, मुलगी लग्नाची. ते खास सायबर कॅफेत जाऊन बसले होते. म्हणाले, "भाऊ, तुमची साइट उघडली. पांढरं पान हाये अन् इंग्रजीत लिवलं हाये, 'इट वर्क्स'. चालते म्हणते. पण पोट्टे कुठी हायेत?" मी धावत इमरानकडे गेलो. त्याने पत्रक वाचलं आणि इतका वेळ छताकडे पाहिलं की मला वाटलं आता पंखा काढून देतो. मग म्हणाला, "अबे गोपाल, लोकलहोस्ट म्हंजे ज्याचा त्याचा कम्प्युटर. तू पाचशे लोकायले कागद देल्ला का आपापल्या घरी जा म्हून. लोकं गेले बिचारे." कॅफेवाल्याने आपल्या कम्प्युटरवर तसलाच प्रोग्रॅम टाकून ठेवलेला होता, देवरावांना त्याचंच पान दिसलं. बाकीच्यांना तेवढंही दिसलं नसणार. पाचशे पत्रकं, मामा! मी त्या दिवशी जेवलो नाही. (खर्रा खाल्ला.)

इमरानने ओळखीने एका कंपनीच्या मोठ्या कम्प्युटरवर वर्षभराची जागा मिळवून दिली. आता साइट घरून उचलून तिकडे न्यायची होती. भारनियमनाच्या वेळापत्रकानुसार आमच्याकडे दुपारी दोनला लाइन येते, म्हणजे अडीचला येते आणि तीनला थोडा वेळ बघून परत जाते. तीन दिवस फोटो अर्धे जायचे आणि अडकायचे. कोट पोचला, मुंडकं घरी, असा प्रकार. शेवटी इमरानच्या दुकानातल्या इन्व्हर्टरवर सगळं एकदाचं चढलं. मी देवरावांना फोन करून नवा पत्ता अक्षर अक्षर सांगितला, बाकीच्या मुलांनी तो मेळाव्यातल्या ओळखीच्यांना कळवला, आणि मग मी स्वतः उघडून पाहिलं.

फोटो सगळे आले होते. 'नाव', 'शिक्षण', 'व्यवसाय' ही डावीकडची लेबलंही शाबूत. वय आणि मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांत होते, तेही आले. पण मुलांनी मराठीत जी जी माहिती भरून दिली होती, तिच्या प्रत्येक अक्षराचं, मात्रा-वेलांटीचंसुद्धा वेगळं, प्रश्नचिन्ह झालं होतं. नाव : प्रश्नचिन्हं. शिक्षण : प्रश्नचिन्हं. व्यवसायापुढे चार प्रश्नचिन्हं, चौतीसही जणांच्या. इमरान म्हणाला की त्या मोठ्या कम्प्युटरला मराठी ओळखायला सांगणारी एक ओळ राहिली आहे, उद्या टाकून देऊ.

पण मामा, संध्याकाळपासून फोन वाजायला लागले! बुधाजीला चार, ओमप्रकाशला सहा. सगळ्यांचा प्रश्न एकच, मुलगा दिसायला साहेब आहे, करतो काय? आजवर लोक उत्तर वाचून उठून जायचे, या वेळी निदान विचारायला तरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेहतीस मुलगे माझ्या अंगणात हजर. ओमप्रकाश म्हणाला, "गोपालभाऊ, त्या ओळीले हात लावशीन तं पाय!" मी तत्त्वाचा माणूस, खोटेपणा मला जमत नाही. पण तेहतीस जणांपुढे तत्त्व किती ताणायचं?

त्यातच देवरावांचा पुन्हा फोन आला, या वेळी माझ्याच स्थळासाठी. तो नेमका आईने उचलला आणि 'मुलगा काय करते?' यावर बिनदिक्कत सांगून टाकलं की कम्प्युटरात आहे. माझी मान शरमेने खाली गेली. देवराव खूश. पुढच्या गुरुवारी, १७ तारखेला, घर पाहायला येतो म्हणाले.

आणि तासाभराने त्यांच्या मुलीचा फोन. करिश्मा नाव, बी.एस्सी. झाली आहे, शाळेत विज्ञान शिकवते. मी 'हॅलो'सुद्धा धड म्हणालो नाही, तर ती म्हणाली, "तुमी शेती करता ना? नोकरी असती तं तुमी इंग्रजीत 'सर्व्हिस' लिवलं असतं, अन् ते बरोबर दिसलं असतं. लोकं नोकरी मराठीत लिवतच नाईत." मग म्हणाली, "मले चालते. पण बाबाले खोटं चालत नाई. गुरुवारी घर मंग दाखवजा, आंधी वावर दाखवा." आणि जाता जाता, तो कोट कोणाचा आहे म्हणून विचारलं.

मामा, मला ही मुलगी पाहिजे. साधं, सरळ लिहितो. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा,
गोपाल

ता. क. : ती राहिलेली ओळ गुरुवारी देवराव गेल्यावर टाकणार आहे. तेहतीस जणांना तेवढीच मुदत दिली आहे.

दुसरा ता. क. : बुधवारच्या गाडीने इकडे या. गुडघ्याचं कारण चालणार नाही, स्टेशनवर मोटारसायकल घेऊन येतो.

शेवटचा ता. क. : वर आईने सांगितलं असं लिहिलं आहे, ते खरं नाही. आई तेव्हा मळ्यात होती. फोन मीच उचलला. नऊ वेळा 'शेती' म्हणून झालेलं होतं, मामा, दहाव्यांदा तोंडातून निघेचना. मला भीती वाटली. म्हणून आवाज जाड केला आणि म्हणालो, मी मुलाचा मामा बोलतो, अमरावतीचा खुशालराव, पोरगं कम्प्युटरात हाये, माझा शब्द घ्या. बाबा असते तर त्यांचं नाव घेतलं असतं, आता माझ्याकडे तुमचंच आहे. देवराव गुरुवारी सगळ्यात आधी तुम्हालाच भेटायचं म्हणतात. वावर मी दाखवतो. पण 'शेती' हा शब्द तुम्हालाच उच्चारावा लागेल, कारण 'कम्प्युटर' तुम्ही उच्चारला आहे. आणि मध्ये दोनदा खोकलात, तेवढं ध्यानात असू द्या.